सासूबाईंची कॉट अजून खोलीतच आहे

एका ताईंनी नाव न सांगता विचारलं आहे. वय 49, माहेर साताऱ्याचं, सासर बडोद्याचं. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, आणि त्यानंतर नऊ वर्षं त्यांचं सगळं यांनीच केलं. शेवटची चार वर्षं तर सासूबाई अंथरुणालाच खिळलेल्या होत्या. सात महिन्यांपूर्वी त्या गेल्या. मुलगी लग्न होऊन अहमदाबादला, मुलगा नोकरीला पुण्यात. मिस्टर ‘चांगले आहेत, पण फारसं बोलत नाहीत’. पहाटे साडेपाचला अजून जाग येते, डायपर बदलायची वेळ ती. हँडल फिरवून वर-खाली होणारी लोखंडी कॉट अजून खोलीतच आहे. शेवटचं त्यांच्याच शब्दांत देते: ‘आता माझी गरज कुणालाच नाही. देवापुढे दिवा लावते, पण काही वाटत नाही. सगळे म्हणतात, स्वतःवर प्रेम कर. ते नक्की कसं करायचं?’

ताई, मी बडोद्यातच, दांडिया बाजारच्या बाजूला, चोवीस वर्षं समुपदेशन करते आहे. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन वर्षाकाठी पाच-सात बायका तरी येतात, अलीकडे एखादे निवृत्त गृहस्थही येतात. बहुतेक जण ‘डोकं दुखतं’, ‘झोप नाही’ म्हणून येतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ओढणीच्या टोकाशी चाळा करता करता हे बाहेर पडतं. तुम्ही पहिल्या पत्रातच लिहिलंत, तिथे निम्मं काम झालं.

फक्त, तुम्ही विचारलेला प्रश्न आणि मला पत्रात दिसलेला प्रश्न जरा वेगळे आहेत. तुम्ही किंमतीबद्दल विचारता आहात. मला दिसते ती एक बाई, जिची नऊ वर्षांची चोवीस तासांची ड्युटी एका सकाळी संपली आणि जिला ‘आता घरी जा’ असं कुणी म्हणालंच नाही. घर तेच, खोली तीच, कॉटही तीच. निवृत्त होणाऱ्या माणसाला निदान नारळ आणि शाल तरी मिळते.

आधी शरीराचं बोलू, कारण ते राहून जातं. 49 हे पाळी जाण्याच्या आसपासचं वय. या काळात झोप मोडते, उगाच रडू येतं, आवडीच्या गोष्टी बेचव लागतात. थायरॉइड मंदावलं असेल किंवा बी-12 कमी असेल तरीही जवळजवळ हेच होतं, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. तेव्हा या आठवड्यात फॅमिली डॉक्टरकडे जाऊन या. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन उदास असेल, भूक-झोप बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल तर नैराश्य आहे का हे मानसोपचारतज्ज्ञांनी बघायला हवं. माझ्यासारखीच्या गप्पांनी ते भागत नाही. सयाजी हॉस्पिटलमध्ये हा विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. तिथून बाहेर पडताना कुणी ओळखीचं दिसेल ही भीती मला ठाऊक आहे. दिसलं तर दिसलं, तेही तिथे आलेलेच असतात. आणि ‘नसतेच तर बरं’ असा विचार चुकून जरी येऊन गेला असेल, तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर आजच फोन करा. तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत.

पुढचं सगळं दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, मिस्टरांचं न बोलणं कसलं आहे. मुळात अबोल माणूस असेल, आईच्या जाण्याने आणखी मिटला असेल, तर मी पुढे लिहिते ते लागू पडेल. पण त्या गप्प बसण्यात धाक असेल, पैशाचा हिशेब मागणं, टोमणे, हात उगारणं असलं काही असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि 181 अभयमला फोन करा, ती बायकांसाठीची हेल्पलाइन आहे, कारण तिथे ‘स्वतःला बदला’ हा सल्लाच चुकीचा ठरतो. दुसरी गोष्ट पैशाची. तुमच्या नावाचं खातं आहे का, त्यातले हजार-दोन हजार तुम्ही कुणाला न विचारता काढू शकता का? नसेल तर आधी ते. स्वतःबद्दलचा आदर वगैरे गोष्टी पुष्कळदा बँकेच्या पासबुकापासून सुरू होतात, हे माझ्या धंद्यात फार कुणी बोलत नाही.

आता तुम्ही न लिहिलेलं एक वाक्य मी लिहिते. चुकत असेन तर सोडून द्या. सासूबाई गेल्या त्या दिवशी, रडारड चालू असताना, तुम्हाला आत कुठेतरी ‘सुटले’ असं वाटलं. ‘त्या सुटल्या’ असं आपण चारचौघांत म्हणतो, ते चालतं. ‘मी सुटले’ म्हणता येत नाही. जी बाई चार वर्षं दर दोन तासांनी कुणाची तरी कूस बदलते, तिला सुटल्यासारखं वाटलं नाही तरच नवल. त्यात प्रेम नव्हतं असा अर्थ निघत नाही. पण त्या एका क्षणाची लाज बाया वर्षानुवर्षं बाळगतात, आणि मग तिची शिक्षा म्हणून स्वतःला काही चांगलं मिळू देत नाहीत. एक बाई माझ्याकडे यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नवरा कॅन्सरने गेल्यावर दोन वर्षं त्यांनी आंबा खाल्ला नव्हता. विचारलं तर म्हणायच्या, पथ्य आहे. कसलं पथ्य, साखर नाही, काही नाही. ज्या रात्री ते गेले त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली होती, ती झोप त्यांना टोचत होती. हे बोलून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग मला विचारलं, ‘बाजारात हापूस आला का हो?’

तुमच्या पत्रात एक ओळ अगदी जाता जाता आली आहे: ‘पाठीला एकही जखम होऊ दिली नाही.’ ताई, मी ती ओळ तीनदा वाचली. चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, अर्धं अंग लुळं असलेल्या माणसाला एकही बेडसोर नाही! माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, इथे कातडीवर सतत दाब पडला की रक्त पोचत नाही आणि काही तासांत कातडी लाल पडायला लागते. भरल्या स्टाफच्या हॉस्पिटलातसुद्धा रुग्णांना या जखमा होतात. तुम्ही रात्री गजर लावून उठलात, चादरीला सुरकुती राहू दिली नाहीत, टाचेखाली उशी सरकवलीत, ओलं क्षणभर राहू दिलं नाहीत. याला हुनर म्हणतात.

तुम्ही हेही लिहिलंत की शेवटच्या वर्षी सासूबाई तुम्हाला ओळखत नव्हत्या, ‘सिस्टर’ म्हणून हाक मारायच्या, आणि ते फार लागलं. लागणारच. इतकं केल्यावर निदान ‘सूनबाई’ ऐकायला मिळावं ही अपेक्षा काही मोठी नव्हती. पण त्यांच्या विझत चाललेल्या डोक्याने बरोबर तेच पकडलं होतं, की इथे कुणीतरी आहे जिला हे काम येतं.

आणि हे वाचून तुम्ही आत्ता काय म्हणालात तेही मला माहीत आहे. ‘त्यात काय, घरचंच तर काम.’ म्हणालात ना? मी एक खरी, पडताळता येणारी गोष्ट तुमच्यासमोर ठेवली आणि तुम्ही ती दारातूनच परत पाठवलीत. माझ्या मते तुमची अडचण इथे आहे. तुम्ही द्यायला इतक्या सरावलात की घ्यायचा हातच उघडत नाही.

म्हणूनच ‘स्वतःवर प्रेम कर’ हा सल्ला तुम्हाला पचत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. आरशासमोर उभं राहून ‘मी प्रेमास पात्र आहे’ असं म्हणायला लावणारे पुष्कळ जण आहेत. मीही सुरुवातीच्या वर्षांत लावत असे. 2009 साली कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना अशा वाक्यांनी थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांना वाटत नव्हतं, म्हणजे ज्यांना गरज होती, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. कारण साधं आहे: तोंडाने ‘मी पात्र आहे’ म्हटलं की आतून लगेच ‘कशावरून?’ असा आवाज येतो, आणि त्याच्याकडे पुराव्यांची थप्पी तयार असते. ते वाचल्यापासून मी आरसा बंद केला.

मग मी काय करते? मी घ्यायला शिकवते. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी चढलं ते तुम्हीही पाहिलं असेल. धोक्याची पातळी 26 फूट, पाणी गेलं 35 च्या वर. रस्त्यांवर मगरी दिसत होत्या. माझी बसायची खोली तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर गुडघाभर गाळ, आणि त्यात बावीस वर्षांच्या वह्या. शाई उतरून पानं निळी झाली होती. दिवसभर एकटीच बादलीने गाळ उपसत होते. मदतीला येऊ का म्हणून चार फोन आले, चौघांनाही ‘नको, होतंय माझं’ म्हटलं. संध्याकाळी समोरच्या बेन डबा घेऊन आल्या, वघारलेली खिचडी आणि ताक. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी तोंडातून सवयीने निघालं, ‘अरे नको नको, जेवण झालंय.’ त्यांनी माझ्या चिखलाच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ना पाडशो तो मने खोटुं लागशे.’ नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल. मग डबा उघडून त्या पायरीवर बसल्या, उठायचं नावच घेईनात. मी खाल्लं. खाताना रडायला आलं, आणि लाज वाटली ती रडण्याची कमी, खाण्याची जास्त. इतरांना ‘मदत मागा’ सांगून पोट भरणारी बाई मी, मला एक डबा घेता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करून दोघांना बोलावलं.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला गृहपाठ हाच देते. आठवडाभर, कुणीही काहीही देऊ केलं तर पहिल्या फटक्यात ‘नको’ म्हणायचं नाही. बसमध्ये जागा दिली, बसा. शेजारणीने वाटीभर काही पाठवलं तर घ्या, आणि वाटी लगेच भरून परत करायची नाही; ती चार दिवस राहू द्या आपल्या ओट्यावर. कुणी कौतुक केलं तर ‘छे हो’ न म्हणता ‘बरं वाटलं ऐकून’ एवढंच म्हणा. ऐकायला पोरकट वाटतं. करून बघा, घाम फुटतो.

एका बाईंच्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. आलं नाही, साखर दुप्पट, पातेल्याला दूध लागलेलं. बाईंनी तो पिता पिताच पातेलं घासायला घेतलं आणि वर ‘उद्यापासून मीच करते’ असंही म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, ‘तुमच्या मुलीने सहाव्या वर्षी पहिली पोळी लाटली, तेव्हा काय म्हणालात?’ त्या हसायला लागल्या. पुढच्या वेळी सांगत होत्या, आता चहात आलं असतं, साखर अजून दुप्पटच. पितात त्या. तुमचे मिस्टर बोलत नाहीत म्हणता. कदाचित ते दुसरं काही करत असतील आणि ते तुमच्या हिशेबात प्रेम म्हणून धरलंच जात नसेल. औषधांची चिठ्ठी न सांगता आणणं, स्कूटरला तुमच्यासाठी पायठेवणी लावून घेणं. किंवा खरंच काही करत नसतील. मला इथून दिसत नाही. आठवडाभर नीट बघा आणि मग ठरवा.

‘किंमत’ या शब्दाविषयी थोडं. माझ्याकडच्या बऱ्याच जणांना मी कमाटीबागेत फिरायला पाठवते. एक तर झाडं आहेत, आणि दुसरं, ती जागा मला स्वतःला काहीतरी सांगते. 1917 च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकर गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून, करारानुसार नोकरीला बडोद्यात आले. त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मित्रांनी कारणं सांगितली. मग ते याच बागेत येऊन बसले, रडले, आणि मुंबईला परतले. तुमचं दुःख त्याच्याशेजारी ठेवायचं नाही, तो एका संपूर्ण समाजव्यवस्थेचा अन्याय होता. मला त्यातली एवढीच गोष्ट खुणावते की त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी त्यांची विद्या तेवढीच होती. गावाने लावलेला भाव शून्य होता, आणि तो भाव गावाबद्दल सांगत होता. तुम्ही सध्या ‘माझी गरज कुणाला’ हे मोजून स्वतःचा भाव काढता आहात. गरज ही दुसऱ्याच्या परिस्थितीची गोष्ट आहे. सासूबाई आजारी पडण्याआधी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तुम्ही कोण होतात? काय करायला आवडायचं? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. आठवत नसेल तर मंडईत कोणती भाजी हातात घेऊन रेंगाळता, तिथून सुरुवात करा. मी चेष्टा करत नाही आहे.

एक काम असंही शोधा, ज्यात तुम्हाला काही येत नाही. सेवा नको, निदान वर्षभर तरी नको; तुमच्यासारख्या बायका सुट्टी मिळाली की लगेच दुसरा रुग्ण शोधतात. पोहणं, हार्मोनियम, मोबाइलवर गुजराती टायपिंग, काहीही. किंवा सरळ सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसा. सयाजीरावांनी 1910 मध्ये सुरू केलेली, मराठी पुस्तकंही आहेत. तिथे तुम्ही कुणाच्या कोण नसता.

राहिली श्रद्धा. दिवा लावताना काही वाटत नाही, म्हणून तुम्हाला अपराधी वाटतं. मी फार देवभोळी नाही, तेव्हा हे थोडं बाहेरून बोलते आहे असं समजा. माझ्या पाहण्यात श्रद्धा बहुतेकदा मूकपणे केलेल्या एखाद्या करारावर उभी असते: मी सगळं नीट करीन, तू बदल्यात माझ्याकडे बघशील. तुम्ही तुमची बाजू नऊ वर्षं पाळली. समोरून काय आलं? ‘सिस्टर’. मग दिवा कोरडा वाटणार नाही तर काय होईल? तुम्ही देवावर रागावला आहात असं मला वाटतं, आणि रागावलेलं कळू नये म्हणून काही न वाटणं पत्करलं आहे. आपल्या संतांनी विठोबाला काय काय सुनावलं आहे, दिवाळखोर म्हणण्यापर्यंत गेलेत ते. तेव्हा एखाद्या दुपारी, देवळात गर्दी नसताना, मागच्या खांबाला टेकून बसा आणि मनातल्या मनात भांडा. हात जोडायची सक्ती नाही. काहींचा देव त्या भांडणानंतर परत येतो, काहींचा येत नाही आणि तरी त्या नीट जगतात, अशा दोन्ही प्रकारच्या बाया मी पाहिल्या आहेत. दिवा लावायचा की नाही, हेही तुमच्यावर. जड जात असेल तर महिनाभर मिस्टरांना लावू दे. आईच्या देवघरात त्यांनाही काही काम हवं असेल.

शेवटी कॉटबद्दल, कारण पत्रात ती दोनदा आली आहे. अशी कॉट, हवेची गादी, व्हीलचेअर घेऊन गरजूंना वापरायला देणाऱ्या संस्था बडोद्यात आहेत, डॉक्टरांच्या दवाखान्यात विचारलंत की पत्ता मिळेल. पण घाई नको, आणि कुणी नसताना भंगारवाल्याला बोलावून एकटीने तर अजिबात नको. तिचं एक टोक उचलायलाच दोन माणसं लागतात. मुलगा दिवाळीला येणार असेल ना? त्याला आत्ताच फोन करा. ‘तुला वेळ असेल तर’ वगैरे नको, सरळ सांगा: आल्यावर आजीची कॉट हलवायची आहे, मला तू हवा आहेस.